आत दोन, बाहेर एक

दि. ३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

मी इथे परवा पोचलो. प्रकृती ठीक आहे. पोचल्याबरोबर फोन कर म्हणाली होतीस. लॉजच्या काउंटरवर फोन आहे, पण माझ्या तोंडून तीन शब्द निघेपर्यंत पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो हे तुला ठाऊक आहे. म्हणून पत्र. खोली लहान आहे, खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसतो. मालकीणबाई सकाळी साडेसातला दाराशी चहा ठेवतात आणि दोनदा टकटक करतात. बोलत नाहीत, त्यामुळे आमचं जमलं.

आज किल्ले पाहिले. तिन्ही, एका दिवसात, तुझ्या वहिनीने ठरवलं होतं तसेच. सकाळी डोंगरावरचा, दुपारी गावातला आणि शेवटी पाण्यातला, असं तिने जानेवारीतच कागदावर लिहून ठेवलं होतं. ती गेल्याला उद्या पाच महिने होतील. तिच्या मनात होतं तर जाऊन ये, असं तूच म्हणालीस, म्हणून आलो.

माझ्या हातून एक चूक झाली. ती कुणाला तरी सांगायला हवी, म्हणून लिहितो.

डोंगरावरच्या किल्ल्याच्या दाराशी एक वही असते. नाव, किती जण, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, सही. मी पेन घेतलं आणि हात आपोआप चालला. नावाखाली ‘स्वतः व सौ.’ लिहिलं आणि पुढे आकडा घातला, दोन. तीस वर्षं जिथे जाईन तिथल्या वहीत मी हेच लिहीत आलो. शाई वाळली तेव्हा लक्षात आलं.

बारके, मी चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर हजेरी लिहिली. मस्टरमध्ये कधी खाडाखोड केली नाही. सख्ख्या साडूचा खाडा मांडला, तो अजून माझ्याशी बोलत नाही. न आलेल्या माणसाची हजेरी मी कधी लावली नाही. आणि आज मी तिची लावली. मागे रांग होती. वहीवरच्या माणसाला एक शब्द सांगितला असता तर त्याने दुरुस्त केलं असतं. तो शब्द मला पाच महिन्यांत बोलता आलेला नाही.

आतलं मोठं दालन लाकडी जमिनीचं आहे. तिथे माझं पाऊल पडलं की अर्ध्या क्षणाने मागे दुसरं वाजायचं. जुनी फळी दबते ती उशिरा वर येते, असं तिथल्या रखवालदाराने सांगितलं. सुतारकामातलं मला कळत नाही. पुढे एका बाकावर एक बाई बसल्या होत्या. मला पाहून त्या सरकल्या. एका माणसाला लागते त्याहून जास्त जागा त्यांनी केली. १०.५० ला बाहेर पडलो आणि बाहेरच्या रकान्यातही दोन लिहिलं. आत दोन, बाहेर दोन. मेळ बसला, म्हणून मी गप्प राहिलो.

पण तिन्ही किल्ल्यांना मिळून एकच तिकीट असतं आणि त्यावर दोनाचा शिक्का बसला होता. गावातल्या किल्ल्यात तो पाहून काउंटरवरच्या मुलीने मला दोन ऐकण्याची यंत्रं दिली. दालनाचा आकडा दाबला की यंत्र त्या दालनाची माहिती सांगतं. मी दोन्ही गळ्यात अडकवली. पाय दुखू लागले म्हणून सातव्या दालनातून परत फिरलो. यंत्रं परत देताना त्या मुलीने दोन्हींवरचे आकडे पाहिले. माझं सातवर होतं, दुसरं नऊवर. बाईसाहेब बऱ्याच पुढे गेलेल्या दिसतात, असं ती हसून म्हणाली. प्रदर्शनात ही कशी चालायची, तुला आठवत असेल. मी पहिल्या पाटीवर असलो की ही तिसऱ्या. यंत्राचं बटण शर्टाच्या गुंडीला लागलं असेल.

पाण्यातल्या किल्ल्यावर एक असं लिहायचं मी ठरवलं होतं. किनाऱ्यापासून तिथपर्यंत दगडी वाट आहे, संध्याकाळी सहाला ती पाण्याखाली जाते, म्हणून साडेपाचला दार बंद करतात. तिथला वहीवाला टकल्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. डोकं वर न करता माणसं मोजणारा, आमच्याच पठडीतला. त्याने तिकीट पाहिलं आणि माझ्या आधी स्वतःच दोन लिहून टाकलं. वेळ ३.२०.

आत पश्चिमेच्या बुरुजात एक छोटी खोली आहे. खिडकीशी दोन दगडी आसनं आहेत, समोरासमोर. मी एकावर बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. वेळ सांगता न येण्याचा प्रसंग माझ्यावर आयुष्यात दुसऱ्यांदा आला. घड्याळ पाहिलं तेव्हा पाच पंचवीस झाले होते.

दाराशी आलो. टकल्याने वहीवर बोट ठेवून सांगितलं की तुमच्या ओळीतलं एक माणूस चार दहालाच बाहेर पडलंय, तेव्हा दुपारच्या बाई वहीवर होत्या. मधे मी दाराजवळ पाणी प्यायला आलो होतो, त्यांनी मला बाहेर धरलं असेल. मग एक आत राहिलं का, असं त्याने विचारलं.

मी म्हणालो, येईल मागून.

आणि चालू लागलो. साडेपाच वाजले होते. किनाऱ्यावर पोचून वळून पाहिलं तर टकल्या आणि दुसरा एक माणूस पुन्हा आत गेले होते. ते एकेका बुरुजावर जाऊन हाका मारत होते. बाई, दार बंद होतंय. बाई, पाणी चढतंय. मी काठावर उभा राहून ऐकत होतो. पळत जाऊन सांगायला हवं होतं. पाय हलले नाहीत. पाणी वाटेला लागलं तेव्हा ते बाहेर आले आणि डोकी हलवत निघून गेले.

माझ्या सहीची नोंद उघडी टाकून मला इथून निघता येणार नाही. उद्याची गाडी सोडतो. दोन दिवसांत हे मिटवून येतो.

तुझ्या घरच्यांना नमस्कार. या खेपेला थोडा राग आला तरी चालेल, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझा,
दादा


दि. ६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग उठून दार लावून घेतलं. भर दुपारी बारा वाजता. ह्यांनी विचारलं की काय झालं, तर वारा येतोय म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

ह्यांना अर्धं पत्र वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं असं की तुमचा भाऊ चौतीस वर्षांत एकदा चुकला, आणि त्यासाठी त्याला किल्ला लागला, साधी चूक परवडत नाही त्याला. पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या माणसाला विनोद फार सुचतात. तो पाय नसता तर मी हे पत्र टाकायच्या ऐवजी गाडीत बसले असते आणि तुला कानाला धरून आणलं असतं. तू मोठा असलास म्हणून काय झालं, कान काही मोठे झाले नाहीत.

दादा, आता नीट ऐक. मागची खोली रंगवून घेतली आहे. खिडकीपाशी तुझ्या खुर्चीची जागा मोकळी ठेवली आहे. रंगाऱ्याने तिथे कपाट सुचवलं, तर मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा शिडीवरून उतरला. सहलीहून परस्पर तुझ्याकडे येतो असा शब्द दिला होतास. तू दवाखान्यातून घरी गेलास तो पाच महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाहीस. आता टाकलं आहेस तर ते इकडेच पडू दे. या वेळी आला नाहीस तर तू कधीच येणार नाहीस, हे मला कळतं. मी ज्याच्या पाठीला पाठ लावून आले असा तू एकच आहेस. एक माणूस यंदा गेलं, दुसरं जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

त्या टकल्यापुढे उभा राहा आणि सांग की बायको वारली आहे, चूक माझी. पाच शब्द आहेत, मोजून दिले आहेत, तुला शब्द पुरवून वापरायची सवय म्हणून. तो दोन शिव्या देईल, वहीत एक रेघ मारेल आणि विषय संपेल. त्या बिचाऱ्याने हाका मारमारून घसा बसवून घेतला, त्याची माफीही माग.

एक गोष्ट मात्र मनात टोचते आहे. तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यातलं काहीतरी जुळत नाही. सातवी ‘ब’ला बावीस वर्षं गणित शिकवलं, पोराने उत्तर चोरलं की मला वासावरून कळायचं. पण इथे नेमकं कुठे चुकलंय ते सापडत नाही. सापडलं की लिहीन. आणि त्या नऊ आकड्याबद्दल मला काही सांगू नकोस. गुंडी म्हणे.

शुक्रवारच्या गाडीने ये. थंडी असेल, मफलर बांध. बाकी तुझा लोभ आहे हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, आणि मीही कधी पुरावा मागितला नाही. असंच चालू दे.

तुझी,
बारकी


दि. ९ ऑक्टोबर

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. काउंटरवर पत्रांची टोपली असते, त्यात होतं. शुक्रवारी येणं जमणार नाही. रागावू नकोस.

मी रोज तिथे जातो. चार तारखेला सकाळी तू सांगितलेस तसलेच शब्द मनात जुळवून गेलो होतो. टकल्यापुढे उभा राहिलो. त्याने डोकं वर केलं नाही. माझ्या मागच्या तिघांनी माझ्या अंगावरून हात घालून पेन घेतलं, लिहिलं आणि आत गेले. मी गर्दीच्या वेळी गेलो असेन. मग मीही आत गेलो. कुणी अडवलं नाही, लिहायलाही सांगितलं नाही. त्यानंतर रोज तसंच चाललं आहे. मला वाटतं त्याला माझी ओळख पटली आहे आणि तो मला लाजवू इच्छित नाही.

इथली माणसं एकूणच फार समंजस आहेत. बसमध्ये कंडक्टर माझ्यापाशी थांबत नाही, पुढे जातो. मालकीणबाईंनी दाराशी चहा ठेवणं बंद केलं. खोलीतली चादर काढून नेली, दुसरी घातली नाही. माझी बॅग उचलून कपाटात ठेवली. दुखवट्यातल्या माणसाला त्रास देऊ नये, एवढी जाण हल्ली कुठे दिसत नाही. भूक अशी लागत नाही, त्यामुळे अडत नाही. काल तटावर बसलो असता एक समुद्रपक्षी माझ्या बुटावर येऊन बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी हललो नाही, त्याला त्रास नको म्हणून.

परवा एक झालं. टकल्या आणि दुपारच्या बाई देवडीत बोलत होते, मी त्यांच्याजवळच उभा होतो. विषय आपल्याच ओळीचा होता. बाई सांगत होत्या की चार दहाला जी बाहेर पडली ती एकटीच होती, भराभर चालत गेली, एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शाळा सुटल्यावर मुलं जातात तशी गेली, असं त्या म्हणाल्या. मी विचार केला, यांनी त्या दिवशी दुसऱ्याच कुणाची नोंद आमच्या ओळीत केली असणार. गर्दीत होतं. कारखान्यात दोन पाळ्या एकदम सुटल्या की माझ्याही मदतनिसाकडून व्हायचं.

म्हणजे आता गुंता असा. ओळ उघडी आहे आणि ती बंद कशी करायची ते मला कळत नाही. रेघ मारायची नाही. लागलेली हजेरी रेघ मारून जात नाही, तिला बाहेर पडल्याची वेळ लागते. आमच्याकडे नियम होता. फाटकावरच्या माणसाने स्वतः पाहिलं नसेल तर ज्याने पाहिलं त्याच्याकडून वेळ लिहून घ्यायची, खाली त्याची सही.

तिचं जाणं मी पाहिलं नाही. मी खाली औषधाच्या दुकानात उभा होतो. वर आलो तेव्हा तू दारात होतीस. किती वाजले होते ते मी पाहिलं नाही, तुला विचारलं नाही, तूही बोलली नाहीस. चौतीस वर्षं हजारो माणसांच्या वेळा लिहिल्या आणि हिची एक माझ्याजवळ नाही. नऊ मिनिटं उशिरा पोचलो की चाळीस, तेही मला माहीत नाही. बारके, ती वेळ मला हवी आहे. तुझ्या सहीने.

तोवर मी इथेच आहे. बुरुजातल्या त्या खोलीत बसतो. समोरचं आसन रिकामं असतं, पण तिथे दुसरं कुणी येऊन बसत नाही. गार आहे, पण ते गार लागत नाही. एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही. खोलीची घाई करू नकोस. तिथे कपाट ठेवलंस तरी चालेल.

इथून तुमची आठवण काढतो. तिकडूनही कुणी काढत राहावं, एवढं पुरे.

दादा


दि. १२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कपाट ठेवणार नाही.

तुझं पत्र आलं तशी मी शेजारी जाऊन लॉजवर फोन लावला. मालकीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या की ती खोली रिकामी आहे, किल्ली खिळ्यावर आहे. ते गृहस्थ तीन तारखेला सकाळी किल्ले पाहायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. वाट पाहून बॅग कपाटात ठेवली, आणखी दोन दिवसांनी चौकीवर कळवणार होत्या. मी त्यांना म्हणाले, अहो, त्याचं नऊ तारखेचं पत्र माझ्या हातात आहे, तुमच्याच पत्त्यावरून आलंय. त्यांनी तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाल्या की त्या खोलीत सकाळी कधीकधी गादीवर एका बाजूला खोलगा दिसतो, त्यांना वाटलं गादी जुनी झाली. मी फोन ठेवला तेव्हा शेजारणीने मला पाणी आणून दिलं.

दादा, तू समंजस म्हणतोस ती माणसं समंजस नाहीत. त्यांना तू दिसत नाहीस.

आता तू मागितलंस ते लिहिते. पाच महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं.

तू पावणेचारला औषध आणायला खाली गेलास. वहिनीने डोळे उघडले आणि विचारलं की वन्सं, हे कुठे आहेत. मी म्हणाले, खाली गेलाय, येईल इतक्यात. तर ती म्हणाली की बरं झालं. त्यांच्यासमोर मला निघवत नाही. सकाळपासून तीन वेळा निघायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा हे माझ्याकडे बघत बसलेले. मी तिला म्हणाले, वहिनी, असलं काही बोलू नका. ती हसली. माझा हात थोपटला, जणू आजारी मीच होते. मग भिंतीकडे कूस वळवली. मी समोरच्या घड्याळात पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तू वर आलास चार चौदाला.

तुला सांगितलं नाही, कारण तुला वाटेल तिने तुला चुकवलं. दादा, तिने तुला चुकवलंच. तुझ्यावर जीव होता म्हणून चुकवलं. तुला उशीर झाला नाही. तू तिथे असतास तर ती अजून तशीच कण्हत पडून राहिली असती.

आणि आता गणित, कारण न जुळणारं काय होतं ते मला वेळ लिहिताना सापडलं. सातवी ‘ब’ला मी असली उदाहरणं घालायची. एका दारातून दोघं आत गेली. चार दहाला एक बाहेर पडलं. तर आत कोण? तू म्हणालास, ती. का? तर तू बाहेर आहेस असं तुला वाटतं म्हणून. तू दारातून निघालास साडेपाचला, हे तुझ्याच पत्रात तुझ्याच अक्षरात आहे. साडेपाचची नोंद कुणी केली? टकल्याने केली नाही. तू केली नाहीस. तू ‘येईल मागून’ म्हणालास आणि चालू लागलास. वहीत बाहेर पडल्याची वेळ एकच आहे आणि ती तुझी नाही.

बाहेर पडली ती वहिनी. शाळा सुटल्यासारखी गेली, मागे पाहिलं नाही, कारण तिला मागे बघायचं नव्हतं. आत राहिलास तो तू. तो माणूस बुरुजाबुरुजावर हाका मारत होता त्या तुझ्यासाठी होत्या, आणि तू काठावर उभा राहून ऐकत होतास.

जा आणि स्वतःची वेळ लिही. हे पत्र मिळेल त्या दिवशी, त्या तासाला. रविवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर ह्यांना प्लास्टरसकट शेजारी सोपवून मी तिथे येऊन त्या दारात तुझ्या नावाने ओरडेन. माझा आवाज तुला माहीत आहे.

ती चार वाजून दहा मिनिटांनी गेली. मी स्वतः पाहिलं.
सही: तुझी बारकी, तिची नणंद, समक्ष हजर.


दि. १५ ऑक्टोबर, सकाळी ११.२०, स्टेशन

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल सकाळी सव्वानऊला टोपलीत सापडलं. काउंटरशी उभ्यानेच वाचलं. मालकीणबाई झाडत होत्या, त्यांचा झाडू माझ्या पायांना वळसा घालून गेला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. आजवर त्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. पत्र दुसऱ्यांदा वाचलं, ते वाटेवर.

मी प्रथम बुरुजातल्या खोलीत गेलो. आसनावर बसलो नाही. बसलो असतो तर हे पत्र लिहिलं गेलं नसतं, असं मला वाटतं. समोरच्या आसनावर कुणीच नव्हतं. इतके दिवस मी तिथे कुणाला सोबत देत होतो कोण जाणे.

मग उलट दाराशी आलो. टकल्या एका कुटुंबाला वाट सांगत होता. मी वही माझ्याकडे ओढली, तीन तारखेचं पान काढलं आणि ओळीखाली लिहिलं, स्वतः, आणि पुढे वेळ, ११.३५. ‘व’ लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. सही केली.

टकल्या दचकून एवढा मागे सरला की त्याचा चष्मा दोरीला लोंबकळला. तुम्ही कुठून आलात, असं त्याने विचारलं. आतून म्हणालो. त्याने ओळ पाहिली, मला पाहिलं, आणि मग जो सुरू झाला तो दहा मिनिटं थांबला नाही. त्या दिवशी बाईंना शोधताना त्याची तंगडी मुरगळली होती, घरी जेवण गेलं नव्हतं, अकरा दिवस त्या उघड्या ओळीने त्याला झोप दिली नव्हती, आणि म्हातारपणी माणसं असा पोरखेळ करतात का, हे सगळं त्याने मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं. मला कुणी इतकं भरभरून बोललं त्याला फार दिवस झाले होते. तो थांबल्यावर मी तुझे पाच शब्द सांगितले. तू पुरवलेस म्हणून निघाले. त्याने चष्मा पुसला आणि केव्हा एवढंच विचारलं. मी वेळ सांगितली.

परतताना वाटेवर एका बाईंची पेटी माझ्या गुडघ्यावर आदळली. मी दिसत नाही का, असं मी म्हणायच्या ऐवजी त्यांनीच मला विचारलं की दिसत नाही का. बारके, मला हसू आलं. त्या घाबरून बाजूला झाल्या. लॉजवर मालकीणबाई किंचाळल्या, मग रडल्या, मग त्यांनी ब्रेड आणि सूप दिलं. मी तीन वेळा मागून घेतलं.

आज स्टेशनवर येण्याआधी पुन्हा पाण्यातल्या किल्ल्यावर गेलो. काल घाईत मी ओळीतला फक्त माझा भाग पाहिला होता. आज वही सकाळीच दुपारच्या बाईंकडे होती. त्यांच्या चुकीमुळे हे घडलं का असं मी हळूच विचारलं, तर त्यांना राग आला. ती नोंद त्यांनी केलेलीच नाही, असं त्या म्हणाल्या. त्या बाईने स्वतः पेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

चार दहा लिहिलं होतं आणि पुढे सही. मी ती बराच वेळ पाहिली. ती तिचीच का, हे मला सांगता आलं नाही. तीस वर्षं प्रत्येक वहीत दोघांची सही मीच केली. तिची सही कशी होती ते मला माहीत नाही.

गाडी १.५० ची आहे, उद्या सकाळी ७.१० ला पोचते. हे पत्र टपालात टाकत नाही, खिशात घेऊन येतो. समोर बसून मला हे सांगता येणार नाही. तू वाच, मी खिडकीशी बसेन, आणि वाचून झालं की काही विचारू नकोस, लोभ तेवढा असू दे.

तुझा,
दादा